ल्योंच्या मंडळीला हात द्यायचा, पण कसा?

प्रश्न

आमची पिंपरी-चिंचवडमधली मराठी ख्रिस्ती मंडळी आहे. मी मिशन कमिटीची चिटणीस. आमच्यातलं एक जोडपं नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये ल्यों शहरात स्थायिक झालं आहे. तिथे ते एका नव्या इव्हँजेलिकल मंडळीत जातात, म्हणजे बायबल आणि वैयक्तिक विश्वास यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या. हॉटेलचा हॉल भाड्याने घेऊन रविवारची उपासना होते, तीसेक माणसं येतात. पाळक फ्रेंच आहेत, पोटापाण्यासाठी अर्धवेळ नोकरी करतात. या कामाला हातभार लावावा असं आमच्या मंडळीच्या मनात आहे. उपकारस्तुतीच्या अर्पणातून सहा लाख रुपये बाजूलाही काढले आहेत. पण एकमत होत नाही. तरुण संघ म्हणतो, मे महिन्यात बारा जणांची टीम नेऊ, रस्त्यावर गाणी म्हणू, पत्रकं वाटू. खजिनदार म्हणतात, तिथे आपल्याच नावाची मराठी-हिंदी शाखा काढू. माझे जावई नोकरी सोडून पूर्णवेळ सेवक म्हणून जायला तयार आहेत. आणि मंडळीतले एक ज्येष्ठ काका म्हणतात, "फ्रान्स ख्रिस्ती देश आहे, तिथे कसलं मंडळी रोपण? आपल्या तालुक्यात काम पडलंय." आम्ही काय करावं?
– एक भगिनी, पिंपरी-चिंचवड

उत्तर

प्रिय ताई, प्रभूमध्ये सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात चौघांची मतं आली आहेत, पण ज्यांच्या मंडळीसाठी हा सगळा खटाटोप चाललाय त्या फ्रेंच पाळकांचं त्यात एक वाक्यही नाही. पुढे मी जे लिहिते आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे. त्यांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका, पैसे पाठवू नका, कुणाला नोकरी सोडायला लावू नका.

आधी काकांचं बोलणं घेते, कारण त्यांच्या प्रश्नात दम आहे. तालुक्यातलं काम टाकून ल्योंला धावू नये हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण फ्रान्स ख्रिस्ती देश आहे म्हणून तिथे कामच नाही, हे मात्र बरोबर नाही. फ्रान्सच्या सरकारी सांख्यिकी संस्थेने 2019-20 मध्ये केलेल्या पाहणीत 18 ते 59 वयाच्या लोकांपैकी 51 टक्के लोकांनी आपल्याला कोणताही धर्म नाही असं सांगितलं. गावोगावी दगडी चर्चं उभी आहेत, आणि त्यांत मनापासून जाणारे कॅथलिक आजही आहेत. त्यांच्याबद्दल तुमच्या सभेत कुणी हलकं बोललं तर तिथल्या तिथे थांबवा. पण मोठ्या लोकसंख्येचा पवित्र शास्त्राशी काही संबंध उरलेला नाही, हेही तितकंच खरं. 1950 च्या सुमारास फ्रान्समध्ये इव्हँजेलिकल विश्वासणारे 50,000 च्या आसपास होते. आज हा आकडा 7 लाखांच्या वर सांगतात. पावणेसात कोटींच्या देशात हे जेमतेम एक टक्का झाले. 2010 मध्ये बहुतेक इव्हँजेलिकल मंडळ्यांनी एकत्र येऊन राष्ट्रीय परिषद स्थापन केली. तिचं नाव तिथे 'क्नेफ' असं घेतात. दर 10,000 लोकांमागे एक मंडळी हे उद्दिष्ट तिने समोर ठेवलं आहे आणि ते अजून बरंच लांब आहे.

काकांना ल्योंचीच गोष्ट सांगा. इसवी सन 177 मध्ये याच शहरात ब्लांदिना नावाच्या गुलाम मुलीने छळ सोसून प्राण दिले, पण प्रभूला नाकारलं नाही. बाराव्या शतकात याच शहरातल्या पिएर वाल्दो या व्यापाऱ्याने आपली संपत्ती वाटून टाकली, शुभवर्तमानं लोकांच्या बोलीत उतरवून घेतली आणि प्रचार सुरू केला. त्यांच्या अनुयायांना शहराबाहेर काढलं गेलं. पुढे 1598 मध्ये नांतच्या फर्मानाने प्रोटेस्टंटांना मोकळीक मिळाली, 1685 मध्ये ती काढून घेतली आणि 1787 पर्यंत त्यांच्या लग्नालाही कायद्यात मान्यता नव्हती. दक्षिणेतली मारी द्युरां ही तरुणी भाऊ पाळक होता म्हणून 1730 मध्ये तुरुंगात गेली आणि 38 वर्षांनी बाहेर आली. विश्वास सोडते एवढं म्हटलं असतं तर दार उघडलं असतं. अशा देशात पुण्याची माणसं जातील तेव्हा शिकवायला जातोय अशा ऐटीत जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता तरुण संघाची मे महिन्याची टीम. मुलांचा उत्साह मला कळतो, आणि तो मोडायचा नाही. पण ज्यांना फ्रेंचचं एक वाक्य येत नाही अशी बारा मुलं चौकात इंग्रजीत गाणी म्हणत उभी राहिली, तर त्याचा त्या पाळकांना उपयोग काय? उलट त्रास होण्याचा संभव जास्त. फ्रान्समध्ये 'सेक्त' या गोष्टीची लोकांना फार धास्ती आहे, म्हणजे माणसांना घरच्यांपासून तोडणारे, पैसे उकळणारे पंथ. त्यांच्यावर नजर ठेवायला 2002 पासून सरकारचा वेगळा विभाग आहे. हॉटेलच्या हॉलमध्ये भरणारी, फारशी कुणाला ठाऊक नसलेली मंडळी, तिच्या दाराशी अचानक परदेशी मुलांचा घोळका आणि हातात पत्रकं, हे शेजाऱ्यांना कसं दिसेल याचा विचार करा. पाळकांनी दोन-तीन वर्षांत नगरपालिकेत, शाळेच्या फाटकाशी, बेकरीत जी ओळख कमावली असेल ती एका आठवड्यात जाऊ शकते. टीम परत येईल, ते मात्र तिथेच राहणार आहेत.

जायचंच असेल तर दोघं-तिघं जा, पाळकांनी बोलावलं तर जा, आणि मे सोडून सप्टेंबरचा विचार करा. ऑगस्टमध्ये सगळा फ्रान्स सुटीवर असतो, मंडळीची कामंही थंडावतात. सप्टेंबरमध्ये शाळा उघडतात आणि वर्ष नव्याने सुरू झाल्यासारखं वाटतं. त्याच सुमारास गावोगावी संस्थांचा मेळावा भरतो. नगरपालिका एखाद्या मैदानात किंवा क्रीडागृहात टेबलं मांडून देते. ज्युदोचा वर्ग, गायनवृंद, बागकामाचं मंडळ, रक्तदान करणारे, सगळे आपापल्या टेबलामागे उभे असतात. लोक मुलांना घेऊन फिरतात, कागद उचलतात, गप्पा मारतात. काही ठिकाणी मंडळ्यांच्या संस्थांनाही तिथे जागा मिळते. तिथे परक्या माणसाशी बोलणं रीतीला धरून असतं, कुणी दचकत नाही. तुमच्या दोन मुलांना तोवर बऱ्यापैकी फ्रेंच येत असेल तर ती त्या टेबलाशी पाळकांच्या बाजूला उभी राहतील, खुर्च्या लावतील, लहान मुलांना सांभाळतील. मंडळीला असेच हात कमी पडतात.

म्हणून पहिला खर्च पुण्यातच करा. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंचचे वर्ग आहेत, आलियान्स फ्रान्सेजचे आहेत. तरुण संघातून ज्यांना खरंच ओढ आहे अशा चार जणांना तिथे घाला. वर्षभर आठवड्यातून तीन दिवस वर्गाला जाऊन जो टिकेल, त्याला आलेल्या देवाच्या हाकेची थोडीफार पारख तिथेच होईल. बाकीच्यांना प्रार्थनेचं काम द्या. ते काम दुय्यम आहे असं कृपा करून सांगू नका.

खजिनदारांच्या शाखेबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. परदेशात मराठी माणसं एकत्र येऊन प्रार्थना करतात, आपल्या भाषेत गीतं गातात, याचा मला आनंदच आहे. महिन्यातून एकदा त्या जोडप्याच्या घरी सहभागिता होऊ द्या, ल्योंमधली इतर भारतीय कुटुंबंही येतील. पण रविवारी सकाळी आपली वेगळी पाटी लावणं म्हणजे तीस जणांच्या मंडळीतून एक उभं कुटुंब काढून घेणं. जी मंडळी उभी राहावी म्हणून तुम्ही अर्पण गोळा केलं तीच यामुळे दुबळी होईल. शिवाय त्या जोडप्याची मुलं फ्रेंच शाळेत वाढतील. दहा वर्षांनी ती कुठल्या भाषेत प्रार्थना करतील, हे खजिनदारांनी आजच स्वतःला विचारावं.

पॅरिसच्या उत्तरेला सेन-सँ-दनी या भागात कांगो, आयव्हरी कोस्ट, हैती इथून आलेल्यांच्या कितीतरी मंडळ्या आहेत. फ्रान्समधल्या इव्हँजेलिकल वाढीचा मोठा वाटा या स्थलांतरित विश्वासणाऱ्यांचा आहे, आणि त्यांची मातृभाषा वेगळी असली तरी फ्रेंच त्यांना घरची आहे. त्यांच्यापुढची अडचण असते जागेची. गोदामं आणि गॅरेजं असलेल्या औद्योगिक वसाहतीत एखादा गाळा घ्यायचा, आत खुर्च्या मांडायच्या, अशी उपासना चालते. 2012 च्या ईस्टरला तिथल्या स्तँ गावात हैतीच्या विश्वासणाऱ्यांची सभा भरली असताना इमारतीचा मजला खचला आणि जीव गेले. लोक जमणार त्या जागेसाठी फ्रान्समध्ये आगीपासून सुरक्षेचे, दारांच्या रुंदीचे, अपंगांच्या सोयीचे नियम आहेत, आणि ते परवडत नाहीत म्हणून मंडळ्या वर्षानुवर्षं हॉटेलच्या हॉलमध्ये राहतात. ल्योंचे पाळक अजून हॉटेलात आहेत ते आळसाने नव्हे, हे कमिटीला समजावून सांगा.

आता पैसा. इथे जरा थांबून बोलते, कारण मिशनच्या कामात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

1871 मध्ये पॅरिसमध्ये मोठी रक्तरंजित उलथापालथ होऊन गेली. त्यानंतर लवकरच रॉबर्ट मॅकऑल नावाचे इंग्रज पाळक पत्नीसह तिथे फिरायला गेले. बेलव्हिल या कामगार वस्तीत एका कामगाराने त्यांना सांगितलं की लादलेला धर्म आम्हाला नको, पण स्वातंत्र्याचा आणि कळकळीचा धर्म कुणी शिकवायला आलं तर ऐकणारे इथे पुष्कळ आहेत. मॅकऑल इंग्लंडातली मंडळी सोडून 1872 च्या जानेवारीत परत आले, फ्रेंच धड येत नसताना. दुकानांचे गाळे भाड्याने घेतले, कामगार येऊन बसू लागले, आणि 1893 मध्ये ते वारले तोवर फ्रान्सभर अशी शंभराहून जास्त सभागृहं झाली होती. त्या माणसाबद्दल मला अतिशय आदर आहे. पण ती सभागृहं मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेतून येणाऱ्या पैशांवर चालायची, आणि त्यांनी मंडळ्या उभ्या करण्यावर भर दिला नव्हता. पुढे त्यांतली बरीच बंद पडली. त्याच कामात घडलेले रुबें सायां यांनी मात्र पत्नीसह 1921 मध्ये पॅरिसजवळ नोजां इथे पवित्र शास्त्राच्या शिक्षणाची संस्था काढली. ती आजही फ्रेंच पाळक तयार करते आहे.

हे आपल्याला नवं नाही. अहमदनगरच्या मातीत अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या, दवाखाने काढले, मंडळ्या उभ्या केल्या. त्यांचं ऋण फिटणारं नाही. पण पाळकाचा पगार परदेशातून येतो तोवर मंडळी आपली वाटत नाही, हे नारायण वामन टिळकांनी ओळखलं. 1917 मध्ये मिशनचं काम सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. आपल्या अभंग-कीर्तनातून प्रभू लोकांच्या ओसरीवर आला. जे आपल्याला हवं होतं तेच ल्योंच्या माणसांना हवं असणार. सहा लाखांच्या जोरावर आपण तिथले मिशन साहेब होऊ नये.

फ्रान्समध्ये 1905 च्या कायद्याने राज्य आणि धर्म वेगळे केले. सरकार कुठल्याही धर्माला अनुदान देत नाही. अल्सास आणि मोझेल हा भाग तेव्हा जर्मनीकडे होता म्हणून तो अपवाद राहिला. मंडळ्या याच कायद्याखाली धार्मिक संस्था म्हणून नोंदणी करतात. अशा संस्थेला एखाद्या करदात्याने 100 युरो दिले तर उत्पन्नाच्या 20 टक्क्यांच्या मर्यादेत 66 युरो त्याच्या आयकरातून वजा होतात. म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्याला स्वतः देण्याची वाट कायद्यानेच सोपी करून ठेवली आहे. तुमची मदत त्या देण्याच्या आड येऊ नये. पाच वर्षांचं वचन द्या, आणि ते दर वर्षी कमी होत जाईल हे पहिल्याच पत्रात लिहा. भाड्यातला थोडा भाग, किंवा त्या मंडळीतल्या एखाद्या तरुणाच्या नोजांसारख्या ठिकाणच्या शिक्षणाचा थोडा भाग. पाळकांचा पूर्ण पगार तुमच्याकडून जाऊ नये, त्यांनी मागितला तरी.

2021 च्या कायद्यानंतर परदेशातून येणाऱ्या मदतीवर तिथे बारीक लक्ष असतं. 15,300 युरोंच्या वरची मदत प्रशासनाला कळवावी लागते आणि ते तिला हरकत घेऊ शकतात. तुमची रक्कम आजच्या दराने सहा हजार युरोंच्या आसपास, म्हणजे त्याहून कमी आहे. तरी कुणी दिले, कशासाठी दिले याचं पत्र बरोबर जाऊ द्या, पाळकांच्या फायलीत ते असलेलं बरं.

आपल्या बाजूचे नियमही आहेत आणि तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून काळजी वाटते. तुमची मंडळी सार्वजनिक न्यास असेल, तर आयकरातली सूट भारतात केलेल्या खर्चासाठी असते. परदेशातल्या खर्चाला ती तशी लागू होत नाही, खास मंजुरी लागते. त्यामुळे न्यासाच्या खात्यातून ल्योंला पैसे पाठवण्याआधी सीएंशी आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बोला. परदेशी देणग्यांचं एफसीआरए खातं असेल तर त्याला हातच लावू नका. सरळ मार्ग असा की ज्यांना द्यायचं आहे त्या व्यक्तींनी आपापल्या बँकेतून, पॅन देऊन, ए-2 फॉर्म भरून देणगी म्हणून पाठवावं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत निवासी व्यक्तीला वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंत तशी मुभा आहे. आधीच जमलेले सहा लाख भाषावर्गासाठी आणि सेवकांच्या इथल्या प्रशिक्षणासाठी वापरता येतील का, ते सीएंना विचारा. आणि ल्योंला जाणाऱ्या कुणाच्या बॅगेत नोटा देऊ नका.

जावईबापूंचं उत्तर तुम्हाला सगळ्यात जड जाईल. त्यांच्या समर्पणावर मला शंका नाही. पण आत्ता नोकरी सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेंगेनच्या पर्यटक व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आणि त्यावर पाळकाचं काम करणं म्हणजे त्या मंडळीला अडचणीत टाकणं. खरंच जायचं असेल तर आधी दोन वर्षं भाषेला द्यायची तयारी हवी, इतकी की अंत्यविधीला चार वाक्यं बोलता यावीत आणि रडणाऱ्या माणसाचं बोलणं समजावं. नोकरी टिकवून, कंपनीमार्फत किंवा शिक्षणासाठी ल्योंच्या परिसरात जाता आलं तर फारच उत्तम. त्या पाळकांना अर्धवेळ नोकरी करून सेवा करणारा जोडीदार जवळचा वाटेल. आणि जातील तेव्हा त्यांच्या हाताखाली जावं. मुलीचंही मत विचारा, पत्रात तिचा उल्लेख नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मी सांगणारच. ल्योंच्या आसपास उत्तर आफ्रिकेतून आलेली मुसलमान कुटुंबं खूप आहेत. अशा घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी प्रभूकडे वळली, तर घरच्यांना ते कधी आणि कसं सांगायचं हे त्यांनीच ठरवायचं असतं. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाप्तिस्म्याचा फोटो नावासकट आला आणि चार ठिकाणी फॉरवर्ड झाला, तर त्या लेकराचं घर सुटू शकतं. म्हणून प्रार्थनेच्या यादीत नावं घालू नका, फोटो मागवू नका, लहान मुलांचे तर अजिबातच नाहीत. मिशन संडेला पडद्यावर काय दाखवायचं असा प्रश्न खजिनदार विचारतील. हॉलच्या रिकाम्या खुर्च्या दाखवा आणि त्या भराव्यात म्हणून प्रार्थना घ्या.

या आठवड्यात एकच काम करा. त्या जोडप्याच्या मदतीने पाळकांना फ्रेंचमध्ये एक छोटं पत्र लिहा. आम्ही कोण, तुमच्या मंडळीबद्दल कसं कळलं, आम्ही पाच वर्षं सोबत राहू इच्छितो, एवढं सांगा. मग तीन गोष्टी विचारा: तुमची मंडळी कोणत्या संघाशी किंवा क्नेफशी जोडलेली आहे, पुढच्या दोन वर्षांत तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची गरज वाटते, आणि आम्ही काय करू नये असं तुम्हाला वाटतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ते कचरतील, म्हणून जोडप्याला सांगा की जेवायला बोलावून निवांत विचारा. उत्तर येईपर्यंत कमिटीची बैठक घेऊ नका. काकांना मात्र पुढच्या बैठकीला आवर्जून बोलवा, आणि तालुक्यातल्या कामासाठी त्यांच्या हाती वेगळी रक्कम द्या. ती ल्योंच्या वाट्यातून कापू नका.